साइट मेडिकचा कोर्स: शिकवणारे चोख, नोकरी लावणारे पोकळ

संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक पट्ट्यात एक खासगी संस्था 'रिमोट साइट मेडिक', म्हणजे दवाखान्यापासून लांबच्या कामाच्या जागी पहिले उपचार करणारा माणूस, असा निवासी कोर्स चालवते. फी 38,000 रुपये, राहणं-जेवण धरून. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथं शिकवणारी माणसं एक नंबर आहेत आणि कोर्स विकणारी माणसं नेमकी उलट; नाव लिहिलं तर दोघांवर एकच शिक्का बसेल. बीड, लातूर, परभणीकडच्या पोरांचे सारखे फोन येतात, 'भाऊ, करावा का?' म्हणून. तर हे सगळ्यांना मिळून एकदाच.

माहितीपत्रकावर नारिंगी सूट घातलेला पोरगा हेलिकॉप्टरमधून उतरतोय, मागं समुद्र, समुद्रात तेलाचा फलाट. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं त्या फोटोवर आली होती. हेलिकॉप्टरचा संबंध आला तो एका दुपारच्या स्लाइडपुरता. बाकी वेळ आम्ही पाणी तपासलं, कॅन्टीन तपासलं, कान तपासले, फोनवर धड बोलायला शिकलो आणि लोखंडी जिन्यावरून माणसं खाली आणली. कोर्सचे पैसे वसूल होतात ते इथंच, पण पत्रकात यातली एक ओळ नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात. डिप्लोमा इमर्जन्सी मेडिकलचा, नोकरी साखर कारखान्याच्या अ‍ॅम्ब्युलन्स रूममध्ये. ही खोली कारखान्यानं हौसेनं ठेवलेली नसते. 1948 च्या कारखाने कायद्यात 500 च्या वर कामगार असले की अ‍ॅम्ब्युलन्स रूम आणि दर 150 कामगारांमागं एक प्रथमोपचार पेटी असं कलमच होतं; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. आम्हा डिप्लोमावाल्यांची अडचण वेगळी. महाराष्ट्रात 108 ची गाडी 2014 साली सुरू झाली ती डॉक्टर घेऊनच. आत बीएएमएस नाहीतर बीएचएमएस डॉक्टर, पुढं पायलट म्हणजे ड्रायव्हर. दुसऱ्या कित्येक राज्यांत डॉक्टरच्या त्या जागी टेक्निशियन बसतो, आपल्याकडं त्याला जागाच नाही. मग जायचं कुठं? खासगी अ‍ॅम्ब्युलन्स, एखाद्या आयसीयूत रात्रपाळी, नाहीतर कारखाना. आणि कारखान्यात गळीत बंद झालं की आम्ही सीझनल लोक घरी. अशा माणसाला 'दुर्गम साइटवर मेडिक' ही पाटी दिसली की तो थांबून वाचणारच.

शिकवायला मुख्य माणूस म्हणजे आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले नर्सिंग असिस्टंट. मूळ उदगीरकडचे, आम्ही त्यांना सुभेदार साहेब म्हणायचो. सीपीआर, श्वासमार्ग, रक्तस्राव या गोष्टी बहुतेकांना येत होत्या, त्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. त्यांचा सगळा भर त्यानंतरच्या तासांवर. शहरात पेशंट गाडीत टाकला की वीस मिनिटांत कॅज्युअल्टी. आमच्याकडं रस्ता धड असला तर दीड तास, आणि उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर देवालाच माहीत. तेवढा वेळ माणूस एकट्यानं सांभाळायचा, दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, बीपी कागदावर उतरवायचं, लघवी किती झाली ते बघायचं, आणि फोनवरच्या डॉक्टरला असं सांगायचं की त्याला न बघता पेशंट दिसला पाहिजे.

या फोनची तालीम भारी होती. साहेब पलीकडच्या खोलीत डॉक्टर होऊन बसायचे आणि मुद्दाम मध्येच 'आवाज येईना' म्हणायचे. बोलायला 60 सेकंद. पेशंट कोण, काय झालं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय पाहिजे, हाच क्रम. नांदेडचा एक पोरगा सुरू झाला, "सर, नमस्कार सर, पेशंट सकाळी नाश्ता करून ड्युटीवर आला होता सर..." साहेबांनी फोन ठेवून दिला. बाहेर येऊन म्हणाले, "पेशंट गेला तुझा. आता सांग, नाश्त्याला काय होतं?" पोरगं लाल झालं, पण दुसऱ्या दिवशी त्याच्याइतका नेटका फोन वर्गात कुणाचा नव्हता.

सापाचा धडा आमच्या भागासाठी सोन्यासारखा. उसाच्या फडात घोणस, पाचटाखाली फुरसं, झोपडीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार. साहेबांनी प्रत्येकाच्या हातात काचेची नळी दिली. शिरेतलं 2 मिली रक्त, नळी नवी, कोरडी आणि काचेचीच, साबणानं धुतलेली चालत नाही. न हलवता 20 मिनिटं ठेवायची, मग एकदाच तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनलं असं समजायचं आणि फोन उचलायचा. गोठलं तरी निश्चिंत व्हायचं नाही, काही वेळानं पुन्हा नळी भरायची. मण्यारीत तर रक्त व्यवस्थित गोठतं आणि पापण्या मिटायला लागतात, म्हणून नळीइतकंच तोंडाकडं बघायचं. प्लॅस्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि उत्तर चुकतं, ही गोष्ट डिप्लोमाच्या वेळी मला कुणीच सांगितली नव्हती. प्रतिविष किती द्यायचं, कधी द्यायचं हा डॉक्टरचा निर्णय. पण संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात न्यायचं का अंबाजोगाईला, आणि तिथं आधी फोन करून कुप्या आहेत का ते विचारायचं, हे काम साइटवरच्या माणसाचं.

उष्माघाताचा धडा ताडपत्रीवर झाला. अंगाचं तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर आणि माणूस बरळायला लागला की गाडी बोलवा, पण गाडीची वाट बघत बसू नका. आधी थंड करा, मग हलवा. ताडपत्रीत माणूस झोपवायचा, चौघांनी कोपरे उचलायचे, आत पाणी आणि बर्फ ओतून हलवत राहायचं. बर्फ कुठून आणायचा? साहेबांचं उत्तर, "रसवंतीवाल्याचा नंबर पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा." एप्रिल-मे मध्ये रस्त्याच्या साइटवर डांबराजवळ उभं राहणाऱ्याला यापेक्षा कामाची गोष्ट कुणी शिकवणार नाही.

बंदिस्त टाकीचा धडा ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण मळीच्या आणि डिस्टिलरीच्या टाक्या मी रोज बघतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त आत उतरतो, हे कुणाच्या डोक्यात नसतं. मग पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. मीटरवर चार आकडे बघायचे: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली नको, मग पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. मेडिकनं मात्र कुठल्याही परिस्थितीत आत उतरायचं नाही. सरावात एक जण खोट्या पेशंटकडं धावत गेला तर साहेबांनी त्यालाही 'मयत' म्हणून बाजूला झोपवलं आणि तास संपेपर्यंत उठू दिलं नाही.

पवनचक्कीवर अडकलेल्या माणसाला दोरानं उतरवण्याचा भाग होता, पण तो घाईत उरकला. भूम, पाटोद्याकडं पवनचक्क्यांवर जायचं असेल तर जागतिक पवन संघटनेच्या नमुन्याचं प्रशिक्षण वेगळं करावं लागतं, ते 2 वर्षांनी पुन्हा करावं लागतं, आणि या कोर्सचं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. हे संस्थेनं आधी सांगायला पाहिजे होतं.

आता पोरांना कंटाळवाणा वाटलेला आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. शिकवायला एक मॅडम होत्या, कारखान्यांच्या आरोग्य तपासण्यांमध्ये मुरलेल्या. त्यांनी पहिल्या तासाला सांगितलं की साइटवर जखमी रोज येत नाही, जुलाब झालेला रोज येतो. पिण्याच्या पाण्यात नळाच्या टोकाशी लिटरमागं किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. गरम जेवण 60 अंशांच्या वर राहिलं पाहिजे, थंड 5 च्या खाली. आचाऱ्याची नखं, त्याच्या हातावरची जखम, भाताचं पातेलं किती वाजल्यापासून उघडं आहे, हे बघणं मेडिकचं काम. समुद्रातल्या फलाटावरचा मेडिकही दिवसाचा मोठा वेळ हेच करतो, हे त्यांच्याकडून कळलं तेव्हा नारिंगी सूटवाल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मग कान. ऑडिओमेट्रीच्या पेटीत एकेकाला बसवून आलेख काढला. मिल हाउसमध्ये काम केलेल्या एका सहकाऱ्याचा आलेख 4000 हर्ट्झला खड्ड्यात गेला. बोलणं ऐकू येतं त्या पट्ट्यात सगळं ठीक, म्हणून त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. आवाजानं येणारा बहिरेपणा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, म्हणजे तो नोंदवायचा, कळवायचा. दुसरं बगॅसचं, म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडाचं. जुन्या भिजलेल्या थप्पीला बुरशी धरते, ती धूळ छातीत गेली की ताप, खोकला, दम लागतो. बगॅसोसिस म्हणतात त्याला. माणूस टीबीच्या गोळ्या खात बसतो आणि रोज त्याच थप्पीवर कामाला जातो. मॅडम म्हणाल्या, "औषध विचारू नका, आधी तो कुठं उभा राहतो ते विचारा." माझ्या खोलीतल्या रजिस्टरमध्ये 'काम करण्याची जागा' असा रकाना तेव्हापासून आलाय.

गंमत पुढं. पाण्याच्या धड्याच्या दिवशी कुणीतरी क्लोरीनचा संच घेऊन हॉस्टेलच्या टाकीवर गेलं. रंग बदलेचना. शून्य. संभाजीनगरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे सांगायची गरज नाही, टँकर आलेला असणार. मॅडमनी तो नमुना वर्गात आणून टेबलावर ठेवला, व्यवस्थापकाला बोलावलं आणि आमच्यासमोर विचारलं, "हे तुम्ही प्याल का?" संध्याकाळपर्यंत टाकीत औषध पडलं. जेवण बाकी चांगलं. भाकरी गरम, शेवभाजी झणझणीत, एसी फक्त ऑफिसात.

उणीव कुठं? हा सगळा अभ्यासक्रम बाप्यांच्या साइटसाठी लिहिलाय. गरोदर बाई, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं, यावर एक तास नाही. आमच्या कारखान्यावर हंगामात ऊसतोडीचा 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. ती कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, मुकादमाच्या वहीत आहे, म्हणून माझ्या अ‍ॅम्ब्युलन्स रूमच्या हिशेबातही नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, एवढं सगळं होऊन मराठवाड्यात चालणाऱ्या मेडिकच्या कोर्समध्ये बाईचा उल्लेख फक्त पुतळ्याच्या डब्यावर, 'फीमेल टोर्सो'. मी अभिप्रायाच्या फॉर्मवर हे लिहिलं. मॅडमनी मान डोलावली. ऑफिसनं फॉर्म फाइलला लावला.

बाहेरच्या देशांबद्दल जे सांगितलं ते ऐकायला छान आणि बरंचसं खरंही. ऑस्ट्रेलियाच्या खाणींवर विमानानं नेतात-आणतात, मेडिक तिथं आग, दोरावरचा बचाव आणि खाणीतल्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षणही बघतो. समुद्रातल्या फलाटावर औषधांचा साठा, नशेची चाचणी, पाणी, स्वयंपाकघर, आजारी माणसाला किनाऱ्यावर पाठवण्याची कागदपत्रं सगळं एकाच्या गळ्यात. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या लाँग आणि ब्रायर बेटांवर डॉक्टर टिकत नव्हता, तर तिथल्या पॅरामेडिकनाच रक्तदाब बघायला, जखमा बांधायला, लस टोचायला शिकवलं. हे उदाहरण मला फार पटलं, कारण आमच्याकडच्या कित्येक वाड्या-तांड्यांची अवस्था त्या बेटांसारखीच आहे, फक्त भोवती समुद्राऐवजी ऊस नाहीतर माळरान.

पण तिथं पोचायचं कसं, यावर विकणारे तोंड उघडत नाहीत. ब्रिटनमध्ये 'पॅरामेडिक' हे नाव नोंदणीशिवाय लावताच येत नाही. ऑस्ट्रेलियातही 2018 पासून राष्ट्रीय नोंदणी आहे. आपला डिप्लोमा तिथं थेट चालत नाही. आखातात जायचं तर डेटाफ्लोची कागदपत्र पडताळणी, प्रोमेट्रिकसारखी परीक्षा आणि वर अनुभवाचे दाखले. फलाटावर पाय ठेवायचा तर बोसिएट हे समुद्री सुरक्षेचं प्रशिक्षण, त्यात पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचा सराव. ते 4 वर्षं चालतं आणि त्याचा खर्च वेगळा. अगदी आपलं मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र घ्या. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे, पण वाळूजच्या वर्गातून तिकडं सरळ रस्ता जात नाही.

आता प्लेसमेंट. कोर्स संपता संपता 'प्लेसमेंट सेल'मधले एक सर गोड बोलायला लागले. परदेशातल्या कॅम्पसाठी फाइल लावायची, 65,000 रोख, पावती नंतर. माझ्यासोबतचा हिंगोलीचा पोरगा शेत गहाण टाकायच्या बेतात होता. त्याला एवढंच दाखवलं: परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो, तो ई-मायग्रेट पोर्टलवर नावानं तपासता येतो, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. सरांनी सांगितलेलं नाव पोर्टलवर सापडलं नाही. विचारलं तर म्हणाले, "ते आमचे असोसिएट आहेत." असोसिएटनं त्यानंतर फोन उचलला नाही.

देशातली जी एक 'संधी' त्यांनी पाठवली ती रस्त्याच्या कामावरची. पद काय, तर मेडिक कम सेफ्टी कम स्टोअरकीपर कम टाइमकीपर. 12 तास, पगार माहितीपत्रकातल्या आकड्याच्या निम्मा. मी मुलाखतीला गेलो. तिथला साहेब म्हणाला, "अहो, पेशंट काय रोज असतात व्हय? मोकळे बसून काय करणार?" इथं माझं मत स्पष्ट आहे. पाणी, कॅन्टीन, कान, टाकीत उतरायचं परमिट हे मेडिकचं वाढलेलं काम, त्यातून आजार कमी होतात, आणि ते शिकून घ्यावं लागतं. डिझेलचा हिशेब आणि हजेरी हे दुसऱ्या माणसाचा पगार वाचवण्यासाठी टाकलेलं ओझं. अपघात झाला तेव्हा मेडिक टँकरचं डिझेल मोजत होता, असं उद्या चौकशीत निघालं तर कोण उत्तर देणार? नोकरी घेताना कामाची यादी लेखी मागा. मी मागितली, त्यांनी दिली नाही, मी परत आलो.

मग कोर्सचा फायदा काय झाला? मला झाला. परत आल्यावर कान तपासणीचा आणि पाण्याचा आराखडा कारखान्यापुढं ठेवला, सेफ्टी ऑफिसरना तो पटला, आणि गळीत बंद झाल्यावरही मला ओव्हरहॉलिंगच्या काळात ठेवून घेतलं, कारण टाक्या साफ होतात त्या तेव्हाच. बॅचमधली एक मुलगी शेंद्र्याच्या एका कंपनीत आरोग्य केंद्रात लागली, स्वतः अर्ज करून. बीएस्सी झालेल्यांनी पुढं तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा बघावा, सुरक्षा अधिकाऱ्याची वाट तिथून निघते. बारावीनंतर थेट या धंद्यात येणाऱ्यांनी मात्र असल्या छोट्या कोर्सऐवजी पदवीच करावी. 2021 च्या केंद्रीय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय म्हणून धरलाय आणि पुढं नोंदणी विचारली जाणार.

शिकवणीला पाचपैकी चार, एक गुण बायकांच्या नावानं कापला. प्लेसमेंटला शून्य देता येत असतं तर दिलं असतं.

ज्यांना तरीही जायचंय त्यांच्यासाठी: हातात आधीपासून नोकरी असेल तर जरूर जा, नोकरी मिळावी म्हणून जात असाल तर थांबा. मे महिन्याची बॅच घेऊ नका, सरावाची शेड पत्र्याची आहे. फी दोन हप्त्यांत घेतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'प्लेसमेंट सहाय्य शुल्क मान्य' अशी ओळ आहे. तिच्यावर पेनानं रेघ मारा, शेजारी छोटी सही करा आणि त्याच पानाची झेरॉक्स मागून घ्या. आमच्यातल्या ज्यांनी रेघ मारली त्यांना कुणी अडवलं नाही.